डोळ्यांतला दिवा

फोटोग्राफीच्या वर्गात त्या दिवशी एकाच दिव्यावर चेहरा टिपायचा होता. तिने ठरवलेली मॉडेल ऐनवेळी आलीच नाही, म्हणून तिची आई कॉलेजच्या कॅन्टीनमधली भांडी घासायची तशीच टाकून धावत आली.

"ह्या कोण?" सरांनी विचारलं.

"मॉडेल आहेत. ओळखीच्या," ती बोलून गेली.

आईने ते ऐकलं. ओले हात पुसले आणि स्टुलावर बसली.

फोटो काढल्यावर, डोळ्यांत दिवा नीट उमटलाय का हे बघायला तिने स्क्रीनवर आईचे डोळे मोठे केले. बुबुळात दिव्याचा पांढरा चौकोन होता. त्याच्या शेजारी ती स्वतः होती. पाठमोरी.

आईकडे रोखून बघत तिने पुन्हा फोटो काढला. याही वेळी पाठच, पण आता लांब, दाराशी.

तिसऱ्या फोटोत नुसता दिवा होता.

"वा, दिवा झकास उमटलाय," सर मागून म्हणाले. "पण फोटो काढणारी कुठाय?"

तिने 'आई' म्हणायला तोंड उघडलं.

समोरून आईने अदबीने विचारलं, "झालं का, मॅडम? मी निघू?"