खिडकीपाशीचं टेबल

"हो, तीन माणसं. खिडकीपाशीच द्या, नदी दिसली पाहिजे," व्हर्लिन फोनवर म्हणाली आणि हॉलिस पडवीत आलेला पाहताच तिने फोन खाली ठेवला.

"तीन कोण?" हॉलिसने विचारलं.

"चॅटनूगासारख्या शहरातली हॉटेलं आहेत ती. माझ्या पर्सला नको का बसायला जागा?"

हॉलिस हसला नाही. उभा जन्म त्याने गालिच्यांच्या गिरणीत काढला होता. भिंतीवर टांगलेल्या चित्रापेक्षा पायाखालची सतरंजी त्याला जास्त कळायची. बायकोचंही तसंच होतं. आणि आता म्हणे शनिवार-रविवार चॅटनूगाला जायचं: सकाळी चित्रांचं संग्रहालय, मग जेवण, मग कुंभारकामाची दुकानं, रात्री गाण्याची बैठक. इतकं आखीवरेखीव तिने पोरीचं लग्नही ठरवलं नव्हतं.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

दर मंगळवारी ती चित्रकलेच्या वर्गाला म्हणून चॅटनूगाला जायची. पाव भाजला तर कोपरापर्यंत पीठ माखून घेणारी ही बाई, पण वर्गाहून परतताना बोटाला रंगाचा ठिपका नसायचा. कंबर बारीक झाली होती. केसांची ठेवण नवी, दाट, अशी की वाऱ्यात एक बट हलत नव्हती. ऑगस्टच्या उकाड्यात लांब बाह्या. "संग्रहालयात गार असतं," ती म्हणायची. अगं, पण घरात?

आणि मागच्या आठवड्यात तिने त्याला कपडे धुण्याच्या यंत्रापुढे उभं केलं होतं. "पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. परत सांगणार नाही."

नवऱ्याला धुणं शिकवणारी बायको घर सोडायच्या बेतात असते, हे गिरणीतल्या दोघातिघांच्या संसारावरून त्याला ठाऊक होतं. फक्त आपल्यावर ती पाळी येईल असं वाटलं नव्हतं. या वयात आता एकट्याने ताट मांडून बसायचं?

शनिवारी निघताना समोरच्या क्लाइडच्या दारात विधवा बर्नडीन उभी दिसली, हातात रुमालाने झाकलेलं काचेचं भांडं. क्लाइडची बायको वारून पंधरवडाही झाला नव्हता.

"बघ, थडग्यावरची फुलं सुकायच्या आत पोचली," व्हर्लिन म्हणाली. त्यांच्या खोऱ्यातली रीतच होती. कुणाची बायको गेली की गावातल्या विधवा भट्टीत भाजलेला चिकन-भात आणायच्या. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर स्वतःचं नाव. म्हणजे भांडं परत द्यायला त्या पुरुषाने जायलाच हवं. एक फेरी दुसरीला ओढून आणायची, आणि वर्षभरात लग्न.

"भात कच्चा, मीठ मूठभर," व्हर्लिन पुटपुटली. "क्लाइडचं पोट त्याला लखलाभ."

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर एक बाई वाट पाहत होती. आखूड पांढरे केस, नखांत माती.

"ही ग्लेंडा. मंगळवारची मैत्रीण," व्हर्लिन म्हणाली. "नवरा वारून चार वर्षं झाली. मडकी करते."

हॉलिसच्या जिवात जीव आला. तिसरी खुर्ची बाईची तर! पण पहिल्याच दालनात व्हर्लिन बाकावर टेकली. "तुम्ही दोघं व्हा पुढे. मी ही चित्रं नीट बघते."

पुन्हा पाल चुकचुकली. ही ग्लेंडा म्हणजे नुसता आडोसा! आपल्याला पुढच्या दालनात नेऊन गुंतवायचं आणि इकडे तिचा जो कोण असेल तो येऊन बाकावर बसणार. हॉलिस दर दोन चित्रांमागे दारापर्यंत जाऊन डोकावू लागला. व्हर्लिन एकटीच होती. डोळे मिटून चित्रं बघत होती.

"काही विसरलात का?" ग्लेंडाने विचारलं.

"बायको," हॉलिस म्हणाला.

ती खळखळून हसली. मग एका सूतगिरणीच्या चित्रापुढे तिने त्याला थांबवलं. "गिरणीवाले ना तुम्ही? हे बरोबर काढलंय का सांगा."

"डोंबलाचं बरोबर! चित्रातल्या या बाईने यंत्रात हात असा घातला तर मनगट जाईल."

"मग कसा घालायचा?"

त्याने दाखवलं. तिने मन लावून पाहिलं, आणखी विचारलं. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपण डोकावायचं विसरलो. तो घाईने परतला. व्हर्लिन जागची हलली नव्हती. त्यांना येताना पाहून ती समाधानाने हसली, आणि ते हसू हॉलिसला मुळीच आवडलं नाही.

खिडकीपाशी नदी दिसत होती. ग्लेंडा हात धुवायला उठली. व्हर्लिनच्या ताटातला मासा होता तसाच होता.

"कशी वाटली?" तिने विचारलं.

"नदी?"

"ग्लेंडा रे. बोलते फार, पण ऐकतेही. चिकन-भात सुरेख करते. मी खाऊन पाहिलाय."

हॉलिसने काटा आपटला. "पुरे झालं सोंग! तो कोण आहे? कुठे लपवलायस त्याला?"

व्हर्लिन इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "तो? अरे खुळ्या, तुझ्याशीच संसार करताना नाकी नऊ आले!"

हसू ओसरलं तेव्हा तिने आपलं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि त्याच्या हातावर हात ठेवला. लांब बाही जरा वर सरकली. कोपराच्या आतल्या बाजूला सलाइनच्या सुयांच्या खुणा निळ्या-जांभळ्या पडल्या होत्या.

"ग्लेंडाचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय," ती म्हणाली. "बर्नडीन भांडं घेऊन आली तर दार उघडू नकोस."