दुपारची गोष्ट

भागूबाईने करवंदांची पाटी खाली ठेवली, दत्ताच्या ढाब्यात शिरली आणि भिंतीवरच्या टीव्हीचं बटण बंद केलं. जेवणारी माणसं हातातला घास तसाच धरून तिच्याकडे बघत राहिली. मालिकेतली सून नुकतीच चिखलातून चालत निघाली होती. तिच्या मागे चिखलात एकही पाऊल उमटत नव्हतं.

"मावशे, ढाबा माझा, गिऱ्हाईक माझं, आन् बटण तेवढं तुझं का गं?" दत्ता गल्ल्यावरून म्हणाला.

ती बाहेर येऊन पाटीजवळ बसली. पुण्याकडून एसटी आली तशी उठून उभी राहिली. दोन बाया उतरल्या. ती परत बसली.

तिचा भाऊ पदू दिवाळीनंतर टेंपोत बसून लांबच्या वीटभट्टीवर गेला होता. शिमग्याला परत यायचा होता. शिमगा गेला, करवंदं पिकली, तरी आला नाही. फोन बंद होता. पोलिसांत तक्रार देऊन झाली होती. भट्टीवाला म्हणत होता, तो शिमग्यालाच घरी जायला निघाला. निघाला तर पोचला का नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून भागूबाई रोज ठाकूरवाडीवरून उतरून चौक गावात रस्त्याच्या कडेला बसायची. करवंदं विकून झाली तरी उठायची नाही. दर गाडीला उभी राहायची, मान उंच करून बघायची, पुन्हा बसायची.

टीव्ही बंद करायचं खूळ मात्र नवं होतं. रात्रीची मालिका दुपारी ढाब्यावर परत लागायची, आणि लागली की ही आत शिरायची. शेजारच्या गॅरेजमधला हिरामण जेवणाच्या सुट्टीत फोनवर गेम खेळायचा. त्यात एक पोर हातात विस्तव घेऊन पळते आणि मागे तिची पावलं पुसली जातात. भागूबाईने त्याचा फोन ओढून पाटीखाली ठेवला होता. वाडीत लग्न झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात नवा सिनेमा लावला, तर त्यातही पावलं हरवलेला नायक निघाला. तिने वायरच उपटली. रात्री मुलाच्या घरी तीच मालिका चालू असायची तेव्हा मात्र ती कोपऱ्यात गप्प बसायची. दिवसभर उन्हात बसून दमते बिचारी, असं सून म्हणायची.

तिच्या रागाचं कारण नम्रताने शोधून काढलं. नम्रता वाडीतली पहिली बी.ए. झालेली मुलगी, कर्जतला एका संस्थेत कामाला होती. मालिकावाले सिनेमावाल्यांना चोर म्हणत होते आणि सिनेमावाले गेमवाल्यांना. दत्ता म्हणायचा, डाळ एकच हाय, तीन ढाब्यांनी फोडणी वेगळी दिली. डाळ कुणाच्या घरची, ते नम्रताला ठाऊक होतं. विस्तवासाठी डोंगरातल्या म्हातारीकडे आपली पावलं गहाण ठेवणारी पोर तिने लहानपणी भागूआत्याच्याच तोंडून ऐकली होती. पावलंच नाहीत, तेव्हा त्या पोरीला परतीची वाट सापडत नाही. काही वर्षांपूर्वी मुंबईचा एक माणूस यंत्र घेऊन वाडीत गोष्टी गोळा करायला आला होता. तो आला भर दुपारी. आत्याने त्याला अंधार पडेपर्यंत बसवून ठेवलं. तो घड्याळ बघत कुरकुरत होता. दिवेलागणीनंतर चुलीपाशी बसून तिने त्याला सगळी गोष्ट सांगितली.

म्हणजे चोरी वाडीतूनच झाली होती. आत्या चिडणार नाही तर काय करणार? नम्रताने तिघांनाही कळवलं, पुन्हा पुन्हा कळवलं. शेवटी गेमवाल्यांनी माणूस पाठवला.

तो दुपारीच ढाब्यावर आला. पोरगेलासा, सभ्य होता. त्याने वाकून नमस्कार केला. गेम उघडला की पहिल्यांदा आजींचं नाव दिसेल, म्हणाला. मोबदलाही मिळेल, म्हणाला. नम्रताचा चेहरा फुलला. दत्ताने न सांगता चहा आणून ठेवला. भागूबाईची नजर रस्त्यावर होती.

आजी खूश दिसत नाहीत म्हणून तो माणूस आणखी सांगत सुटला. त्यांची गोष्ट कुठल्या कुठल्या देशांत पोचली, कसल्या कसल्या भाषांत गेली.

"आणि आजी, इथे रात्र झाली की तिकडे दिवस असतो. तुमची गोष्ट एक क्षणसुद्धा थांबत नाही."

भागूबाईने पहिल्यांदा रस्त्यावरची नजर काढली.

"तिकडं दिवस असतो?"

"असतोच. कुठे ना कुठे दिवस असतोच."

तिने पाटीची कड घट्ट धरली. आत्याला भरून आलं, असं नम्रताला वाटलं. तिने आत्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, मनात काय असेल ते माग, आज लाजू नको.

एसटी आली. भागूबाई उठली. कुणीच उतरलं नाही. गाडी निघून गेली तरी ती उभीच राहिली.

"नाव नको, पैसं नको," ती म्हणाली. "तेवढी दिवसाची बंद करा रं बाबा. दिवसा गोष्ट सांगितली की पोरांचा मामा वाट चुकतो. माझा पदू शिमग्यापासून चालतोय."