वाऱ्याच्या वाटेवर

कारखान्याच्या पर्यावरण अहवालाचं मराठी करता करता मृणालिनी एका शब्दापाशी थबकली. अहवाल कामगारांना वाचून दाखवायचा होता, त्यामुळे शब्द सोपे हवेत एवढीच अट होती. अबू धाबीबाहेरच्या स्टाफ कॉलनीत बसून तिने नवऱ्याला विचारलं, "सूर्या, 'डाउनविंड रिसेप्टर्स' म्हणजे वाऱ्याच्या वाटेवर राहणारी माणसं. म्हणजे आपणच ना रे?"

"टेक्निकल टर्म आहे गं ती. पुढे 'अ‍ॅक्सेप्टेबल रिस्क' लिहिलंय ना? मग खलास!" सूर्यकांतने मोबाइलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

तिने वाक्य पुरं केलं आणि नेहमीच्या सवयीने मोठ्याने वाचून पाहिलं.

"वारा वस्तीकडे वळला, तर तिथली काही मुलं आजारी पडतील. तेवढं चालेल."

सूर्यकांत ताडकन उठला.

"चुकलं का काही?" तिने घाबरून विचारलं.

"नाही."

त्याने बाल्कनीचं दार उघडलं. गरम वारा भस्सकन आत शिरला.

"वेदांग! खेळ बास, वर ये आधी!"

"फाइव्ह मिनिट्स, बाबा!" खालून उत्तर आलं.

सूर्यकांत अनवाणीच जिन्याकडे धावला.

तो इंग्रजी अहवाल त्यानेच लिहिला होता.