धाकट्या जावयाचं टूल

खऱ्या कारागिराला दुसऱ्याच्या कौशल्याचा हेवा वाटत नाही, आदर वाटतो. थोरल्या जावयालाही तो वाटलाच असता. पण हा दुसरा त्याचा साडू होता आणि दोघं एकाच ऑफिसात होते.

मीटिंगच्या खोलीत पडद्यावर थोरल्याच्या टूलच्या हिरव्या ओळी झरझर उतरत होत्या. ऑफिसनं कोणतं टूल ठेवायचं, त्याचं की साडूचं, हे मॅडम आज ठरवणार होत्या. धाकटा कोपऱ्यात शांतपणे चहा पीत होता. तो शांतपणाही थोरल्याच्या डोळ्यांत खुपत होता.

धाकट्याचं टूल म्हणजे त्यानं गेल्या वर्षी लिहिलेली पानभर स्क्रिप्ट, एक छोटासा प्रोग्राम. तिचं काम एवढंच, की दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासायचे. उत्तर हवं तसं आलं तर हिरवी ओळ, नाही तर लाल. एवढ्याशा गोष्टीचं ऑफिसात कौतुक झालं ते झालंच, पण ते सासुरवाडीपर्यंत पोचलं. टीव्हीचा रिमोट उलटा धरणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "धाकट्या जावयांचं म्हणे सगळं पानभरात मावतं. तुमचं केवढं असतं हो?"

त्या दिवसापासून थोरल्यानं लिहायला घेतलं. त्याच्या टूलमध्ये तक्ते होते, आलेख होते, चूक सापडली की वाजणारी घंटा होती. बायको म्हणाली, "अहो, तपासणाऱ्यावर एवढा जीव काढताय, तपासायचं काय आहे?" ती धाकट्याच्या बायकोची बहीण होती. तिचं म्हणणं मनावर घेण्यात अर्थ नव्हता.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. "पण हे सगळ्यांना तपासणार. याला कोणी तपासलं?"

"मी."

"कशानं?"

सगळी मेख इथेच होती. सुरुवातीला थोरल्यानं टूल त्याच्या स्वतःवरच चालवलं होतं. मुद्दाम एक चूक घालून पाहिली, तर टूलनं स्वतःची पाठ थोपटत हिरवी ओळ दिली. आपला पेपर आपणच तपासला की दुसरं काय होणार? मग घरात कोणी नाही असं बघून त्यानं साडूचं पानभर टूल उतरवून घेतलं. त्यानं चूक पहिल्या फटक्यात पकडली. पुढच्याही पकडल्या. थोरला जळत होता आणि निमूटपणे लाल ओळी दुरुस्त करत होता.

खोटं बोलता आलं असतं. पण मॅडम लगेच "दाखवा" म्हणाल्या असत्या.

"यांच्या टूलनं," तो म्हणाला आणि हनुवटीनं कोपरा दाखवला.

कोणीतरी फिसकन हसलं. धाकटा मात्र कप ठेवून उठला.

"साडूभाऊ, खरंच? चालतं ते?"

"म्हणजे?"

"चुका बरोबर पकडतं? मला कधी कळलंच नाही हो. कौतुक सगळ्यांनी केलं, वापरलं कुणीच नाही."

मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. सगळे आपापल्या कपात बघत होते.

"मग धाकट्यांचंच ठेवू," त्या म्हणाल्या. "निदान एका माणसाचा तरी त्यावर विश्वास आहे."

वर्षभर गाजलेल्या त्या टूलला आजवर एकच गिऱ्हाईक मिळालं होतं. ते पडद्याशेजारी उभं होतं.