पांढरा फेस

आईच्या हृदयाची झडप बदलायची होती, पण सर्जननी आधी तिला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हिरड्यांमधले जंतू रक्तातून नव्या झडपेपर्यंत पोचू शकतात, त्यामुळे हिरड्या बऱ्या झाल्याशिवाय ऑपरेशन होणार नव्हतं.

“बिघाड छातीत आणि दुरुस्ती तोंडात!” आई म्हणाली. तरी हिरड्यांखालची सफाई करून आली आणि दोन्ही वेळा मऊ ब्रशने दात घासू लागली. रक्त दिसलं की तिचा हात थबकायचा. मग शेजारी स्वतःचा ब्रश घेऊन उभे असलेले बाबा दटावायचे, “थांबू नकोस. रक्त येतं म्हणून घासणं सोडलंस, तर ते वाढतच जाईल. आणि माझ्याकडे काय बघतेस? आरशात बघ.”

एका सकाळी ती बेसिनपाशीच ओरडली, “अहो, बघा तरी! फेस पांढराशुभ्र!” बाबांनी तोंडसुद्धा न पुसता सर्जनना फोन लावला. पुढच्या सोमवारची तारीख मिळाली.

आई शनिवारी गेली.

आज कितीतरी दिवसांनी बाबांनी ब्रश हातात घेतला. बेसिनमधला लाल फेस पाहून मी म्हटलं, “बाबा, हिरड्यांतून रक्त येतंय तुमच्या. उद्याच डॉक्टरांना दाखवू या.”

 

त्यांनी नळ सोडला, फेस वाहून जाईपर्यंत पाहत राहिले आणि म्हणाले, “राहू दे गं. आता कुठल्या ऑपरेशनला उशीर होतोय?”