गुणी बाळ

मीटरच्या पडद्यावर शून्य होतं. सकाळपासून शून्यच. चौदाव्या मजल्यावरच्या त्या खोलीत सगळे त्याच्याकडे पहिल्या नंबराने पास झालेल्या नातवाकडे बघावं तसे बघत होते.

काम साधं होतं. इथून एक-शून्यांची ठरलेली रांग नव्या केबल लाइनवरून डोंगरावरच्या हॉस्पिटलात पाठवायची. तिथून ती तशीच परत येते, आणि वाटेत किती आकडे बिघडले ते मीटर मोजतो. आज मात्र मामला नाजूक होता. याच लाइनवरून शहरातले सर्जन तिथले यांत्रिक हात चालवून पहिलं ऑपरेशन करणार होते, आणि पेशंट होत्या साहेबांच्या सासूबाई. जावयाने टाकलेल्या लाइनवर त्यांचा इतका भरवसा, की शहरात यायला त्यांनी साफ नकार दिला होता. आता त्या टेबलावर होत्या. भूल तेवढी द्यायची होती. स्पीकरफोनवर सर्जन होकाराची वाट बघत होते.

साहेब फोनकडे झुकले, तेवढ्यात नवी इंजिनिअर म्हणाली, एकदा मुद्दाम चूक घालून बघू या. ऑफिसात तिचं नाव शंकासुर पडलं होतं. मीटरवर त्यासाठी वेगळं बटण असतं. दाबलं की एक चुकीचा आकडा मुद्दाम जातो. पडद्यावर एक आला, म्हणजे मीटर जागा आहे.

ते बटण इथे कधी कुणी दाबलंच नव्हतं. उगाच रिपोर्टवरचं शून्य बिघडलं असतं. आत्ताच आंघोळ घातलेल्या बाळाला चिखलात कशाला बसवायचं, असं ऑफिसातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ केबलकाका यांचं म्हणणं. मीटरचं नावही त्यांनी गुणी बाळ ठेवलं होतं. दुसरा एक मीटर होता, तो प्रत्येक लाइनमध्ये काही ना काही चूक दाखवायचा. त्याला किरकिऱ्या म्हणून कपाटात टाकलं होतं.

शंकासुराने बटण दाबलं. शून्य.

"नीट दाब," साहेब म्हणाले.

तिने दाबून धरलं. शून्य. मग साहेबांनी स्वतःच्या अंगठ्याने दाबलं, आत कुणी झोपलंय अशा घराची बेल दाबावी तसं. शून्य.

केबलकाका पुढे आले आणि त्यांनी मीटरची केबल उपटली. केबल त्यांच्या हातात लोंबत होती. पडद्यावर शून्य होतं.

फोनमधून सर्जननी विचारलं, सुरू करायचं का.

"थांबा," साहेब म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

सर्जननी विचारलं, चुका किती निघाल्या. माहीत नाही, असं साहेबांनी सांगितलं. एवढी वर्षं या धंद्यात काढून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. मग त्याच फोनवर जोडलेल्या हॉस्पिटलातून सासूबाईच बोलल्या.

"जावईबापू, पण तुमचं शून्य होतं ना?"

"अजूनही आहे, आई. म्हणूनच आधी टेबलावरून उठा."

फोन ठेवल्यावर केबलकाका खुर्चीत बसले आणि बाळाने आजवर काय काय पास केलं ते बोटांवर मोजायला लागले. बँक. विमानतळ. चौकातले सगळे सिग्नल. या इमारतीची लिफ्ट जिथून चालते त्या कंट्रोल रूमची लाइन. पुढचं बोट त्यांनी उघडलंच नाही.

साहेबांनी कपाटातून किरकिऱ्याला काढलं, रुमालाने पुसलं आणि कडेवर घेतलं. हॉस्पिटल गाठायला तिघंही निघाली.

लिफ्ट लगेच आली. दार उघडलं. आत दिवा होता, मंद संगीत होतं. दारावर मजल्याचा आकडा होता, शून्य.

साहेबांनी किरकिऱ्याला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि ते चौदा मजल्यांच्या जिन्याकडे वळले.