दोघांचं पाणी
सोनोग्राफीसाठी दातिवऱ्याहून पालघरला आलेल्या नर्मदाला काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, “काकी, पाणी भरपूर प्या आणि तपासणी होईपर्यंत लघवी रोखून धरा.” नर्मदाबरोबर नवऱ्यानंही आपली बाटली तोंडाला लावली. मुलगी हसली, “काका, तपासणी काकींची आहे!” “मी दर्यावर असलो की होडी लागेपर्यंत ही जेवत नाय,” तो म्हणाला. “आज ही आत जाणार, मी किनाऱ्यावर.” नर्मदाचं नाव पुकारलं. पोटात काय निघतंय या धास्तीनं तो बंद दाराकडे बघत, पाय आवळून बसला. पोटावरचा गार जेल पुसत ती बाहेर आली. “गाठबीठ काय नाय, मुतखडा हाय!” म्हणत तडक संडासाकडे निघाली, तोही मागोमाग. संडास एकच होता. “तू जा पयली,” तो कसाबसा म्हणाला. तिनं त्याच्या हातातली रिकामी बाटली पाहिली आणि त्यालाच आधी आत ढकललं.